सुकाणूची तार

थंडी पडली की मला एका जागी बसवत नाही. हातांना काहीतरी लागतं. आज सकाळी डाळ निवडली, आणि निवडलेलीच परत सुपात घेतली. चपला धुतल्या. मग स्टुलावर चढून कपाटावरची लाकडी नाव खाली काढली, फडक्यानं पुसली आणि होती तिथं परत ठेवून दिली. खाटेवर बसलेल्या आमच्या मालकांना स्टुलाचा आवाज ऐकू गेला असणार. कान त्यांचे चांगले आहेत. पण "काय करतीस?" म्हणून त्यांनी विचारलं नाही. मागच्या थंडीत विचारलं असतं. नुसतं विचारून थांबले नसते, मी जे करतेय ते कसं चुकतंय हेही सांगितलं असतं.

हवा तशीच आहे. ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात. शेंगा सोलायला बसलं की टरफलं वाऱ्यानं खोलीभर होतात. पेठेच्या कोपऱ्यावर हुरड्याची कणसं घेऊन एक बाई बसायला लागलीय. दूधवाला सांगत होता की यंदा कंबर तलाव चांगला भरलाय आणि जलपर्णीही बरीच काढलीय. मी ते मुद्दाम मोठ्यानं खोलीत सांगितलं, "तलाव भरलाय म्हणं." खाटेवरून "हं" एवढंच आलं.

हे चांगलं लक्षण नाही.

आमचे मालक जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर. शेवटची बरीच वर्षं त्यांची गाडी अक्कलकोट-मैंदर्गीच्या बाजूला असायची. मैंदर्गी माझं माहेर. मी तिथं वर्षातून एकदा जायची, आणि हे रोज जाऊन यायचे. मी इथं एका चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायची, ताणा लावायची. संध्याकाळी दोघं घरी आलो की एकाच्या अंगाला डिझेलचा वास आणि एकीच्या केसात कापसाची धूळ. बोलायला वेळ नव्हता, ते बरंच होतं. निवृत्त झाल्यावर हे दिवसभर घरात बसायला लागले आणि मग बोलायला लागले. भाजी कशी चिरावी, नळाला भांडं कसं लावावं, सगळं मला शिकवायला लागले.

त्यातून सुटका केली ती नावेनं. आमची मुलगी शोभा पुण्याला असते. तिच्या मुलाची रिमोटवर चालणारी नाव मोडली, ती शोभा इथंच टाकून गेली. यांनी ती उघडली, आतलं सगळं जमिनीवर मांडलं, आणि मला त्या दिवशी सुखानं स्वयंपाक करता आला. पुढं त्यांनी स्वतःचीच नाव बांधली. पातळ प्लायवूडची, हातभर लांब, एस.टी.सारखी लाल. पुढं एक छोटी काच, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'सोलापूर – मैंदर्गी'. मी विचारलं, "नावेला काच कशाला?"

"मग ड्रायव्हर समोर बघणार कुटनं?"

ड्रायव्हर काठावर उभा राहून बघायचा, पण ते बोलून उपयोग नव्हता.

मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेनासं झालं, दारातून जाताना चौकट खांद्याला लागायची. मग नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसायचं. मग तेही धुकटलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेलं परत येत नाही. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी काही रडले नाही. रडून घरात दोघं आंधळे कशाला करायचे. मी एक काठी आणली. तिचं पुढचं टोक मी धरायची, मागचं ते. रस्त्यानं आम्ही असेच जायचो. हात धरून चालायची आमच्यात पद्धत नाही, आणि या वयात ती सुरू करायची मला लाज वाटत होती.

डोळे गेल्यावरची पहिली थंडी म्हणजे मागची. ती मला आता राहून राहून आठवते. तेव्हा मला वाटायचं, कधी एकदा हे संपतंय. घरभर तारेचे तुकडे, पाटावर फेव्हिकॉल, तारांना डाख दिल्याचा कडवट धूर, आणि खाटेवरून सारखा हुकूम.

सुरुवात मीच केली. हे दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचे. बसलेल्या माणसाभोवती घर कसं आंबट होत जातं ते मी बघत होते. एका दुपारी मी नाव एका हातात घेतली, काठीचं टोक दुसऱ्या हातात, आणि म्हटलं, "चला तलावावर."

"मला काय दिसतंय?"

"मला दिसतंय की. मी सांगते, तुमी वळवा."

किती सोपं वाटलं होतं. पाण्यात सोडल्यावर नाव सरळ गेली. मी म्हटलं, डावीकडं घ्या. त्यांनी घेतली. नाव वळेना. मी ओरडले, "अवो डावीकडं!" त्यांनी रिमोटची काडी आणखी दाबली, तेव्हा ती एकदम वळली आणि वळतच राहिली. उजवीकडं म्हटलं तर लगेच वळायची, हवी त्याच्यापेक्षा जास्त. मी ओरडतेय, हे घामाघूम, आणि नाव दारू प्यायल्यासारखी चाललेली. शेवटी जलपर्णीत घुसली आणि तिथंच फुरफुरत राहिली. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरणारा दत्ता म्हणून एक माणूस आहे, त्यानं ती काढून आणून दिली. "काय मामा," तो म्हणाला, "मैंदर्गी गाडी आज बाभळीत घातली व्हय?"

हे हसले नाहीत. घरी येईपर्यंत काठीच्या त्या टोकाला माणूस आहे की नाही असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाता खाता थांबले आणि म्हणाले, "सुकाणूत प्ले हाय."

प्ले म्हणजे काय ते मला ड्रायव्हरची बायको म्हणून माहीत आहे. जुन्या गाडीचं स्टिअरिंग बरंच फिरवावं लागतं, ते नुसतं फिरतं, आणि मग कुठं गाडी ऐकते. त्या मधल्या फुकटच्या फिरण्याला प्ले म्हणतात. नावेचंही तसंच. तिच्या पोटात आगपेटीएवढी एक मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. ती पंख्यासारखी गरगरत नाही. रिमोटची काडी जेवढी हलवाल तेवढाच तिचा हात वळतो आणि तिथं थांबतो. त्या हातापासून मागच्या सुकाणूपर्यंत एक तार असते. हात हलला की तार हलते, तार हलली की सुकाणू वळतं. यांनी ती तार जुन्या छत्रीच्या काडीची केली होती, आणि सर्व्हो पार नावेच्या मध्यावर बसवला होता. ओढली की ती काडी ताठ. पण ढकलली की आधी स्वतःच कमानीसारखी वाकायची, आणि उरलंसुरलं काय ते सुकाणूपर्यंत पोचायचं. म्हणून उजवीकडं झटकन आणि डावीकडं आळस.

"मग इतकी वर्षं कशी चालवली?" मी विचारलं.

"डोळ्यानं. वळंना झाली की जरा जास्त दाबायचो. डोळा सांगायचा, हात ऐकायचा. कळायचंबी न्हाय." पुढचा तुकडा त्यांनी चटणीत बुडवून तसाच धरून ठेवला. "आता डोळा न्हाय. आता जेवढं सांगंन तेवढंच वळाय पायजे. सूतभर कमी न्हाय, जास्त न्हाय."

डोळे गेल्यापासून ते एवढं सलग बोलले नव्हते.

मग घरात कारखाना सुरू झाला. हात माझे, हुकूम त्यांचा. माझ्या बोटांना अजून बारीक काम जमतं. तुटलेला दोरा चालत्या मागावर जोडायची सवय आहे. पण तार म्हणजे सूत नाही. ती वाकवली की परत उसळते, आणि हे शेजारून म्हणतात, "काटकोनात वाकव, काटकोनात, तुला काटकोन माहीत न्हाय का?" मी म्हणायची, "चौथीत शिकवला न्हाय." दुपारभर हेच चालायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा येऊन विचारलं, काही भांडण झालंय का. मी म्हटलं, न्हाय, सुकाणू चाललंय.

दोऱ्याची कल्पना माझी. मागावर किती तरी गोष्टी दोरीनं ओढल्या जातात. दोरी ढकलत नाही, त्यामुळे ती वाकायचा प्रश्नच नाही. सर्व्होच्या हाताला दोन बाजूंनी दोन दोरे बांधायचे, सुकाणूच्या दांड्यालाही दोन बाजूंनी. इकडं वळायचं तर हा ओढेल, तिकडं वळायचं तर तो. मी सांगितलं तेव्हा यांनी दोन्ही हातांनी हवेतच दोरे ओढून बघितले. मग म्हणाले, "बरोबर हाय की." माझ्या संसारात हे वाक्य क्वचित आलंय, म्हणून लक्षात आहे.

दोरा मी साधा घेतला नाही. ओळखीच्या कारखान्यातून ताण्याचा दोरा आणला, खळ दिलेला. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात, पिठाची पातळ कांजीच ती. मग सूत ताठ होतं, गुळगुळीत होतं, तुटत नाही. मी तो दोरा दुहेरी केला, पीळ दिला, आवळून गाठी मारल्या. वाजवला तर एकतारीसारखा वाजायचा. पाटावर ठेवून बघितलं तर सुकाणू रिमोटच्या काडीबरोबर हलायचं, अगदी शिकवलेल्या पोपटासारखं. यांनी बोटानं चाचपलं आणि मान हलवली. मी त्या दिवशी शेंगाच्या पोळ्या केल्या.

तलावावर नाव पहिल्या वळणापर्यंत छान गेली. दुसऱ्या वळणाला कंटाळली. तिसऱ्याला तिनं ऐकणंच सोडलं आणि आपली सरळ निघून गेली. वारा होता म्हणून बरं, फिरून काठाला लागली. सुकाणूचा दांडा ज्या भोकातून आत येतो तिथनं थोडं पाणी आत येतंच. यांनी झाकण काढलं, आत बोट घातलं, आणि बोट चिकट होऊन बाहेर आलं. त्यांनी ते नाकाला लावलं.

"अगं, हे काय? आंबील करून ठिवलीस की नावंत!"

पिठाची खळ पाण्यात विरघळणारच. कापड धुतलं की खळ जाते, हे मला जन्मभर माहीत आहे. जन्मभर माहीत असलेलं कधी कधी डोळ्यापुढं येत नाही. ताठपणा सगळा खळीचा होता, दोऱ्याचा नव्हताच. आत दोन लिबलिबीत शेवया लोंबत होत्या. आणि हे हसायला लागले. पायरीवर बसून, बोट पुढं धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "सुकाणूला आंबील पाजली हिनं," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. मला इतका राग आला की मी नाव उचलून चालायला लागले, आणि मग काठीचं टोक धरायला परत यावं लागलं.

पण ते हसले होते. मी ते बघितलं. आत कुठं तरी मी ते ठेवून दिलं, आणि वरून दिवसभर बोलले नाही.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले होते. नंदीध्वजाच्या सरावाला पोरं रस्त्यावर यायला लागली. एवढी उंच काठी, खाली माणूस घट्ट धरून चालतो, पण वरचं टोक डुलायचं ते डुलतंच. खिडकीतून ते बघताना मी यांना म्हटलं, "लांब काठी लवणारच. मग आपली तार एवढी लांब कशाला?"

हे खाटेवर उठून बसले. "सर्व्हो मागं घेऊ."

इतकं साधं. सर्व्होच सुकाणूजवळ नेला की तार वीतभरही लागत नाही. आखूड तार, आणि जाड. जाड कुठली घ्यायची? मी सायकलवाल्या बाबूभाईकडं गेले आणि जाड स्पोक मागितला. त्यानं माझ्याकडं आणि माझ्या नऊवारीकडं बघितलं.

"कौनसी सायकल है अम्मा?"

"सायकल न्हाय. नाव हाय."

"नाव को स्पोक?" त्यानं हातातलं चाक खाली ठेवलं. "अम्मा, सोलापूर में पीने को पानी चार-चार दिन बाद आता, आप नाव बना रै?"

पण स्पोक त्यानं निवडून दिला, गंज नसलेला, आणि वर त्याची चावीनं फिरवायची टोपीही दिली. स्पोकच्या एका टोकाला आटे असतात. ती टोपी फिरवली की तारेची लांबी केसभर कमी-जास्त करता येते. हे त्यानं न विचारता दाखवलं. मी ते घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "बाबू हुशार हाय, मी आधीच म्हणणार होतो." ते काहीही म्हणणार नव्हते.

भोकांवरून आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. सर्व्होच्या प्लास्टिकच्या हाताला तार ज्या भोकात अडकते ते मी सुई तापवून पाडलं, थोडं मोठं झालं. हे म्हणाले, फेक. मी म्हटलं, एवढंसं तर आहे. "एवढंसंच वाढतंय," ते म्हणाले. "भोक सैल, दांडा सैल, पेच सैल. प्रत्येक म्हणतंय मी एवढंसंच. गाडी खड्ड्यात जाती ती एवढ्याशानंच जाती." मी ते प्लास्टिक फेकलं आणि दुसऱ्याला आधी बारीक भोक पाडून तार फिरवून फिरवून घातली, घट्ट जाईपर्यंत. तारेचं दुसरं टोक अडकवायला सुकाणूच्या दांड्यावर पितळेचा तुकडा बसवायचा होता, तो घसरू नये म्हणून दांड्याची एक बाजू कानशीनं सपाट घासली. घासताना माझ्या दातांवरून कानस चालल्यासारखं होत होतं. नळीचा एक तुकडा तारेला मध्ये आधार म्हणून बसवला. आता ही तार कडक भाकरीसारखी झाली होती. मोडेल, पण वाकणार नाही.

आणि तरीही प्ले होता.

मी चालू करून बघायची, मला सगळं नीट दिसायचं. हे सुकाणूचं पातं चिमटीत धरायचे, हलकेच हलवायचे आणि म्हणायचे, "हाय अजून." मी तार बघितली, भोकं बघितली, पेच बघितले. वैतागून म्हटलं, "साकु आता! तुमाला हवाच हाय प्ले." साकु म्हणजे पुरे. चिडले की माझ्या तोंडात मैंदर्गीचं कानडी येतं.

ते एका हातानं पातं हलवत राहिले आणि दुसऱ्या हाताचं एक बोट एकेका सांध्यावर ठेवत गेले, वैद्य नाडी बघतो तसं. पितळेचा तुकडा. तार. टोपी. सर्व्होचा हात. मग सर्व्होच्या अंगावर. तिथं बोट थांबलं.

"हितं ये. बोट ठिव."

मी ठेवलं. त्यांनी पातं हलवलं. माझ्या बोटाखाली सर्व्हो अख्खाच्या अख्खा हलला, मुंगी अंग हलवते तेवढाच. मी तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या मऊ पट्टीनं बसवला होता. पट्टी फोमची, दाबली की दबते.

"सगळे तारंकडं बघत्यात," ते म्हणाले. "बूड हलतंय."

डोळ्यांना ते दिसणार नव्हतं. मला दिसलं नव्हतंच. मी लाकडाचे दोन ठोकळे चिकटवले आणि सर्व्हो चार पेचांनी त्यांच्यावर आवळला. मग त्यांनी पातं चिमटीत धरून हलवलं, सर्व्हो आतून गुणगुणला, आणि पातं जागचं हललं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. गाडी वेळेवर स्टँडला लागली की ड्रायव्हर खाली उतरताना जसे पाय टेकतो, तसं काहीतरी.

मग आम्ही तलावावर गेलो, आणि मी घोटाळा केला.

जाताना सगळं सरळ गेलं. मी डावीकडं म्हटलं की नाव डावीकडं, थोडं म्हटलं की थोडं. पण लांब जाऊन ती वळली आणि आमच्याकडं तोंड करून यायला लागली, तेव्हा माझं सगळं उलटं झालं. समोरून येणाऱ्या नावेची डावी बाजू माझ्या उजवीकडं असते. मी डावीकडं म्हणायची, ती माझ्या उजवीकडं जायची. मी ओरडायची न्हाय न्हाय, उजवीकडं, ती आणखी भलतीकडं. हे म्हणाले, "तुझं डावं नको सांगूस, ड्रायव्हरचं डावं सांग!"

"ड्रायव्हर हितं उभा हाय की!"

"ड्रायव्हर नावंत हाय, असं समज."

मला समजेना. नाव जलपर्णीच्या बाजूला चालली होती, माझे पाय एका जागी ठरत नव्हते. दत्ता तराफ्यावरून ओरडत होता, "मामी, इकडं न्हाय, इकडं न्हाय!" मी यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना गरकन फिरवलं. तलावाकडं पाठ, माझ्याकडं तोंड. "एवढं उलटंसुलटं मला जमत न्हाय. तुमीच फिरा."

दिसणाऱ्या माणसाला हे जमलंच नसतं. तलावाकडं पाठ करून कोण नाव चालवेल? यांना समोर काय आणि मागं काय, सारखंच होतं. आता नाव जिकडं तोंड करून येत होती तिकडंच यांचं तोंड होतं. नावेचं डावं ते त्यांचं डावं. मग मी तोंडानं सांगायचंही सोडलं. नाव ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूच्या खांद्यावर बोट दाबायचं, बस. जरा वळायला हवी तर जरा दाबायचं. जास्त तर जास्त.

ते माझ्या तोंडासमोर उभे, मी त्यांच्या कानावरून पलीकडं बघतेय. त्यांचे दोन्ही अंगठे रिमोटवर. माझं बोट दबलं की त्यांचा अंगठा हलायचा, अंगठा हलला की तिकडं पाण्यावर नाव वळायची. मध्ये कुठंच काही सैल नव्हतं. फिरायला आलेली माणसं थांबली होती. म्हातारा तलावाकडं पाठ करून उभा आणि म्हातारी भर दुपारी त्याचे खांदे धरून. बघू देत, असं मी मनात म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी ते मोठ्यानं म्हटलंय.

नाव पायरीला येऊन टेकली. टक् असा आवाज झाला.

"आलं का स्टँड?" त्यांनी विचारलं.

"आलं. उतरा."

येताना एका हातात नाव आणि दुसऱ्यात रिमोटची पिशवी होती. काठी धरायला हात नव्हता, म्हणून ती मी काखेत मारली आणि त्यांना म्हटलं माझा खांदा धरा. नाइलाज होता. पेठेत शिरेपर्यंत त्यांनी तो धरला होता, आणि रस्ताभर मला सांगत होते की वळणावर मी बोट जरा उशिरा दाबते.

त्या थंडीत आम्ही रोज गेलो. मग ऊन आलं, पाणी खाली गेलं, काठाला चिखल उघडा पडला. पावसाळ्यात यांना ताप आला तो बरेच दिवस राहिला. ताप गेला पण माणूस पुरता परत आला नाही. जेवतात, झोपतात, "हं" म्हणतात. शोभा म्हणाली, आई, आता पुण्यालाच या, संक्रांतीनंतर न्यायला येते. मी यांना विचारलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते म्हणाले, "तुला पटंल तसं."

माझ्या पटण्यावर या माणसानं आजवर काही सोडलेलं नाही. मी त्या दिवसापासून नीट झोपले नाही.

मी "चला तलावावर" म्हटलं असतं तर ते आलेही असते. तुला पटंल तसं म्हणून उठले असते. तसलं यायला मला नको आहे. मागं येणारं माणूस मला काठीच्या टोकाला पुष्कळ मिळालं.

म्हणून सकाळी स्टुलावरून नाव काढली तेव्हा मी ती नुसती पुसली नाही. झाकण उघडलं आणि सर्व्होचा एक पेच थोडा सैल केला. थोडाच. बघून कळणार नाही इतका. पेचकस कमरेच्या चाव्यांपाशी खोचला. ठरवून टाकलं होतं, यांच्या बोटाला तो सापडला नाही तर शोभाला सांगायचं की ये घेऊन जायला.

दुपारी नाव त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "धूळ बसलीय. पुसा जरा, माझा हात दुखतोय."

त्यांनी फडकं घेतलं. काच पुसली. बाजू पुसल्या. हात मागं गेला आणि सुकाणूपाशी आला. मी शेंगा सोलायला घेतल्या होत्या, हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी पातं पुसलं. फडकं बाजूला ठेवलं. मला वाटलं, झालं, संपलं.

"स्विच दे," ते म्हणाले.

मी रिमोट आणि नाव दोन्ही चालू केली. सर्व्हो गुणगुणला. त्यांनी पातं चिमटीत धरलं आणि दुसरं बोट आत घातलं. पितळेचा तुकडा. तार. टोपी. बोट फार हळू चाललं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला, शोभाचीच वेळ ती.

"हलतंय," ते म्हणाले.

"कुटं? काय हलत न्हाय. मी सकाळी बघितलंय."

"तुला काय कळतंय? बूड हलतंय. मागचा पेच. तूच आवळला होतास न्हवं? तुला दर खेपेला सांगतोय, पेच कोपऱ्या-कोपऱ्यानं आवळायचा, एकदम एकच न्हाय. ऐकशील तर शपथ. वाजू दे तो फोन. आधी पेचकस आण."

"शोधते," मी म्हटलं आणि आत गेले. दोन डबे उघडले, झाकणं वाजवली, फळीवरचं एक भांडं इकडचं तिकडं ठेवलं. फोन वाजून वाजून थांबला.

बाहेरून आवाज आला, पहिल्यासारखा, खालच्या मजल्यापर्यंत जाणारा.

"डबे काय वाजवतीस? कमरंला हाय तुझ्या. सकाळपासनं चाव्यांवर वाजतोय!"